ताट फिरवायची वेळ

हळबे यांना पहिल्यांदा नकार मिळाला तो वाढलेल्या साखरेमुळे नव्हे आणि त्र्याहत्तर वर्षांच्या वयामुळेही नव्हे. ते घरी एकटे जेवतात म्हणून मिळाला.

"बरोबर जेवायला कोण असतं?" मिरजेच्या उपचार केंद्रातल्या डॉक्टर सानिका गुळवणी यांनी विचारलं.

"कुणी नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही."

"भाचा, पुतण्या? शेजारी कुणी?"

"जेवायला? नाही हो."

"मग अवघड आहे, काका," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

हळबे खुर्चीतून उठले नाहीत. उठून जायचं कुठे, हाही प्रश्नच होता. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर दोनदा रक्त उतरलं होतं. डाव्या डोळ्याने वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचता येत. इन्शुलिनची मात्रा दर तीन महिन्यांनी वाढत होती आणि शरीर तिला दाद देत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की साखर अशीच राहिली तर वर्षभरात काठी घ्यावी लागेल, आणि काठी चालण्यासाठी नाही, चाचपडण्यासाठी. ज्या माणसाला सकाळचा चहा विचारणारं कुणी नाही, त्याचे डोळे गेले तर त्याचं काय होतं, हे हळबे यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"निदान का नाही, ते तरी सांगा. मी रसायनशास्त्राचा माणूस आहे. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत जन्म गेला माझा."

डॉक्टरांनी हातातला टॅब बाजूला ठेवला. "तुमच्या शरीरात इन्शुलिन आहे, बाहेरूनही भरपूर जातंय. पण स्नायू आणि यकृत त्याचं ऐकत नाहीत. इन्शुलिन दार ठोठावतं, आणि आत माणूस बहिरा. साखर बाहेरच तुंबते. वय वाढलं, स्नायू झडले, की हा बहिरेपणा वाढतो. आमच्या उपचारातले जंतू आतड्यात राहून असे पदार्थ बनवतात, की स्नायूंना पुन्हा ऐकू यायला लागतं. बहुतेकांचं इन्शुलिन दोन-तीन महिन्यांत सुटतं."

"मग मला द्या की. मी पितो."

"देऊन ते टिकत नाहीत. प्रत्येकाच्या पोटात जंतूंना खाणारे विषाणू असतात. काही आठवड्यांत ते या नव्या पाहुण्यांना ओळखायला लागतात आणि फस्त करतात. पण तेच जंतू दोन माणसांच्या पोटांत राहिले, तर दोन्हीकडे थोडं वेगळं वळण घेतात. त्यांची ये-जा चालू राहिली की विषाणू सारखे चकतात. म्हणून आम्ही मुद्दाम अशी जात निवडली, की जिची एक वस्ती जिभेखाली असते. रोज एकदा दोघांनी एका ताटात, हाताने जेवायचं. बाटलीत वाढवलेले जंतू पुन्हा पुन्हा देऊन पाहिले आम्ही, ते लेचेपेचे निघतात. विरजणासारखं आहे हे. घरात रोज दही लागलं तर विरजण जिवंत, नाहीतर शेजारणीकडे वाटी घेऊन जावं लागतं."

आयुष्यभर सांगलीकरांच्या पाण्यातून हळबे यांनी जंतू हुसकून लावले होते. आता म्हातारपणी जंतूंकडे पदर पसरायची वेळ आली, तर जंतूही म्हणत होते, घरात माणसं किती?

दीड महिन्याने केंद्रातून फोन आला. मिरजेतल्याच एक बाई आहेत, त्याही एकट्या, त्यांनाही जोडीदार हवाय; चालेल का? हळबे "चालेल" म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या आवाजात जरा जास्तच घाई होती.

शैला बिरनाळे यांनी पंचवीस वर्षं मेडिकल कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवली होती. एका वेळी साठ-सत्तर पानं उठायची. पुढे कॉलेजने यांत्रिक स्वयंपाकघर आणलं, खानावळ बंद पडली. मुलगा होसूरला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. बाईंच्या डाव्या पायाला संवेदना उरली नव्हती आणि अंगठ्याजवळची जखम चार महिने भरत नव्हती. ती भरली नाही तर पुढे काय होतं, ते त्यांनी खानावळीत जेवलेल्या डॉक्टरांकडूनच ऐकलं होतं.

"या, बसा," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या. मधे एकच मोठं स्टीलचं ताट. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, मेथी, मूठभर भात. "लाजू नका. मी सत्तर पोरांची उष्टी काढलीत, मला कशाची किळस न्हाई."

"किळस मलाही नाही," हळबे म्हणाले. "हात धुऊन येतो."

ते मोरीपाशी गेले, खिशातून तपकिरी बाटली काढली, सावकाश चूळ भरली, मग बोटांना स्पिरिट चोळलं. ही सवय बायकोच्या आजारपणातली. औषधांनी तिची प्रतिकारशक्ती पार संपली होती, आणि तिला भरवणारे हळबे एकटेच. प्रत्येक घासाआधी ते अशीच चूळ भरत. शेवटी तिला जंतुसंसर्गच झाला आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले होते, तुमच्यामुळे नाही. पण हळबे यांनी ते कधीच खरं मानलं नाही. आपल्या अंगचं काही कुणाला लागू नये, एवढं एक त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. तोंड आणि हात स्वच्छ करून जेवायला बसणं हा त्यांच्या लेखी समोरच्याचा मान होता. बाईंचे जंतू घ्यायला त्यांची काहीच हरकत नव्हती.

केंद्राने दोघांनाही जंतूंचा एकेक डोस दिला होता, आणि नियम साधा होता. दोघांनी आपापल्या बाजूने जेवायला सुरुवात करायची. निम्मं झालं की ताट अर्धं फिरवायचं आणि दुसऱ्याच्या बाजूचं खायचं. पहिल्या आठवड्यात ताट फिरवताना दोघंही भिंतीकडे बघत. तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "तुमच्या बाजूची मेथी जास्त लागते वो मला. काय करता काय तिला?" आणि हळबे किती दिवसांनी हसले ते त्यांचं त्यांनाच आठवेना.

ते रोज सांगलीहून दुपारी येत. बसमध्ये बसले की आज काय असेल याचा विचार सुरू होई. बाई बोलायला मोकळ्या. कोणता मुलगा वांगं बघून रडायचा, कोणता आता दिल्लीत हृदयाचा सर्जन आहे आणि अजून पैसे न देता पळून गेल्याचं कबूल करतो, असल्या गोष्टींना अंत नव्हता. हळबे ऐकत. स्वतःबद्दल ते फारसं बोलत नसत. आपलं रडगाणं कुणाला कशाला, असं त्यांना वाटे. बायकोबद्दल तर ते चकार शब्द बोलले नाहीत.

दोन महिन्यांत हळबे यांच्या दंडावरच्या साखर मोजणाऱ्या चकतीतले आकडे उतरायला लागले. आधी रात्रीचं इन्शुलिन सुटलं, मग दुपारचं, मग सगळंच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून पाहिलं आणि पडदा कोरडा झाल्याचं सांगितलं. त्या दिवशी हळबे यांनी बसमधल्या जाहिराती मोठ्याने वाचल्या. शेजारच्या बाईने जागा बदलली.

बाईंचं मात्र उलटं चाललं होतं. पहिल्या महिन्यात उतरलेली साखर पुन्हा चढली. भरत आलेली जखम ओली झाली. केंद्रातली परिचारिका दर आठवड्याला विचारी, "मावशी, चोरून गोड खाताय का?"

"न्हाई गं बाई. आईची शप्पथ."

"मग यांची बरी उतरली? ताट तर एकच आहे."

या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे आहे, असं हळबे यांना वाटलं. एका दुपारी बाई भाकरी भाजत असताना त्यांनी फडताळ उघडून पाहिलं. गुळाची ढेप होती, लाडवांचा डबा होता.

"हे काय?"

"नातू येतोय दिवाळीला. त्याच्यासाठी."

"दिवाळीला दोन महिने आहेत," हळबे म्हणाले. त्यांना राग आला होता, आणि त्या रागात भीती जास्त होती. बाईंना काही झालं तर हे ताट जाईल, ही दुपार जाईल. "शैलाताई, मी इथवर रोज येतो ते गंमत म्हणून नाही. तुम्ही पथ्य मोडलंत तर दोघांचंही नुकसान आहे. निदान खोटं तरी बोलू नका."

बाईंनी तव्यावरची भाकरी काढली. ताट वाढलं. निम्मं झाल्यावर न बोलता फिरवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं ते हळबे यांना आता स्वच्छ दिसत होतं.

पुढच्या पंधरवड्यात बाईंच्या डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला.

डॉक्टर गुळवणींनी हळबे यांना बोलावून घेतलं. दोघांच्याही पोटातल्या जंतूंची वंशावळ त्यांनी नव्याने काढली होती; कुठला जंतू कुणाकडून कुणाकडे गेला ते त्यातून समजे.

"बिरनाळे मावशींचे जंतू तुमच्याकडे सारखे आलेले दिसतात. तुमचे त्यांच्याकडे एकदाही गेलेले नाहीत. एकदाही नाही, काका. त्यांना नवं वळण मिळालंच नाही, आणि विषाणूंनी सगळे संपवले. जेवायच्या आधी तुम्ही काय करता?"

"हात धुतो. चूळ भरतो."

"कशाने?"

हळबे यांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी तिच्यावरचं जंतुनाशकाचं लेबल वाचलं.

"हे आम्ही विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सांगतो, मोकळ्या मनाने जेवा. आता कुणी असं... चूक आमचीही आहे. मावशींना तपशील सांगायलाच पाहिजे असं नाही. जंतू जुळले नाहीत, एवढं पुरेल. असं होतं कधी कधी."

"त्या कधीच चोरून खात नव्हत्या."

"नाही."

"त्यांना पुन्हा डोस देता येईल?"

"बाटलीतले त्यांच्या विषाणूंपुढे टिकणार नाहीत. पण तुमच्याकडे जे आहेत ते त्यांचेच, तुमच्या पोटात वळण बदललेले. ते त्यांना चालतील. पंधरा-वीस दिवस नीट जेवलात, तर त्यांची साखर परत उतरेल. विरजण आता फक्त तुमच्याकडे उरलंय, आणि त्यांच्याकडून काही आलं नाही तर महिना-दोन महिन्यांत तेही जाईल."

हळबे केंद्रातून चालत निघाले. एवढी स्वच्छ नजर असूनही त्यांना रस्ता दिसत नव्हता. जंतू जुळले नाहीत, एवढं म्हटलं की झालं. बाई पुन्हा वाढतील, पुन्हा मेथीवरून काहीतरी बोलतील. आणि आपण चोरटं गोड खाल्लं नाही, हे त्यांना ठाऊक असूनही जगाला कधी कळणार नाही. पायाचा अंगठा गेला तो स्वतःच्याच दोषाने, असं त्यांचा मुलगाही समजून चालेल. हळबे बाईंच्या दारात पोचले तेव्हा त्यांनी ठरवलेलं काहीच नव्हतं. पण बाई कॉटवर पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "आता मी लाडूचा डबा पण देऊन टाकला वो," तेव्हा त्यांना राहवलं नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. बाटली, चूळ, स्पिरिट.

"म्हणजे तुम्ही माझं घेत होता आणि तुमचं द्यायचं न्हाई?"

"मला वाटलं, तुम्हाला त्रास नको."

"अंगठ्याचं जाऊ द्या. तो गेलाच असता कदाचित. पण तुम्ही मला खोटारडी म्हणालात. माझ्या घरात, माझी भाकरी खाताना. मी रात्र रात्र विचार करायची, की झोपेत उठून खाते का काय मी."

हळबे हात जोडून उभे राहिले. बाई म्हणाल्या, "जावा आता."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाईंना फोन करून समजावलं. बाई तयार झाल्या. मुलानेही होसूरहून सांगितलं होतं, की बरी झालीस की तुला इकडेच आणतो, आम्ही चौघं तुझ्या ताटात जेवू. आईचा अंगठा कापला गेल्यावर त्याला जाग आली होती. पण ताट सुरू करायला तिच्या पोटात जिवंत विरजण असायला हवं, आणि ते द्यायला हळबे.

बाईंना उभं राहता येत नव्हतं, म्हणून स्वयंपाक हळबे करून नेत. डबा उघडून ताट वाढत, साध्या पाण्याने हात धुऊन बसत. पहिल्या दिवशी चूळ न भरता घास उचलताना बायको डोळ्यांपुढे आली. मग त्यांनी घास घेतला, भातात बोटं घातली, तो कालवला आणि निम्म्यावर ताट फिरवलं. बाई त्यांच्या बाजूचं सगळं खात. बोलत मात्र एक अक्षर नसत. भिंतीवरचं घड्याळ वाजे, बाहेर भाजीवाला ओरडे, आणि एका ताटावर दोन माणसं एकमेकांच्या बोटांकडे बघत जेवत.

एवढी शांत जेवणं हळबे रोज घरी जेवतच होते. पण समोर माणूस असताना अशी शांतता सोसणं फार कठीण होतं. तरीही ते दुपारची वाट बघत. बसमध्ये ते वाक्यं जुळवत. तुम्ही इथेच राहिलात तर आपल्या दोघांचंही भागेल. मी पुन्हा असं करणार नाही. मला तुमची सवय झाली आहे. मिरज आली की ती सगळी वाक्यं त्यांना स्वार्थी वाटत. मुलगा नेतोय, नातवंडं आहेत, अशा वेळी आपली अडचण मधे घालायची म्हणजे काय? ते गप्प डबा उघडत.

बाईंची साखर उतरली. पायाचे टाके सुकले. डॉक्टर म्हणाल्या, "विरजण लागलं. आता कधीही निघा, मावशी." हळबे यांना त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, की नव्या जोडीसाठी नाव लिहून घेते, पण लवकर होईल असं समजू नका, इन्शुलिन जवळ ठेवा.

निघायच्या दिवशी मुलगा सामान गाडीत भरत होता. त्याने हळबे यांच्याशी हात मिळवला नाही, पण नमस्कार केला. शेवटचं ताट झालं. बाईंनी बोटं पुसली आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या.

"भाजीला मीठ नसतं वो तुमच्या."

"रक्तदाबासाठी कमी घालतो. आधी सांगायचंत."

"बोलत नव्हते न्हवं." त्या वॉकर धरून उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "हळबे, एक विचारू? एवढे दिवस येत होता. एकदा तरी 'जाऊ नका' म्हणाल, असं वाटलं होतं मला."

"तुमचा मुलगा न्यायला आलाय. मी कोण मधे बोलणारा? बरं दिसलं नसतं."

"बरं दिसायचं!" बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुम्ही ती बाटली टाकली, पण तोंड अजून तसंच धुता वो. आपलं काही म्हणून कुणाला लागू द्यायचं न्हाई तुम्हाला."

मुलाने हाताला धरून त्यांना गाडीत बसवलं. बाईंनी काच खाली केली नाही.

दोन महिन्यांत हळबे यांच्या चकतीतले आकडे पुन्हा चढले. इन्शुलिनचं पेन फ्रिजमधून बाहेर आलं. एका सकाळी वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं तेवढी पुसट झाली आणि मग पुसटच राहिली. त्याच आठवड्यात डॉक्टर गुळवणींचा फोन आला. तब्येतीची चौकशी करून त्या म्हणाल्या, "होसूरच्या केंद्रातून वंशावळ आली आहे. मावशींची साखर उत्तम. मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं, सगळ्यांकडे वस्ती झाली आहे. धाकटा चार वर्षांचा आहे. पाचही जणांचं मूळ तुमच्याकडे जातं, काका. तुम्हाला कळावं असं वाटलं."

हळबे यांनी आभार मानले आणि फोन ठेवला. चार वर्षांच्या एका न पाहिलेल्या मुलाच्या पोटात त्यांच्या पोटातलं काहीतरी सुखरूप नांदत होतं, आणि त्या मुलाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. त्यांना आनंद झाला. मग इतकं एकटं वाटलं, की खुर्चीचे हात घट्ट धरावे लागले.

दुपारचे बारा वाजून गेले होते. त्यांनी होसूरचा नंबर लावला. दोनदा मधेच तोडला, तिसऱ्यांदा वाजू दिला.

"कोण?" बाईंचा आवाज आला. मागे मुलांचा गोंगाट होता, कुणीतरी "आजी, ताट फिरव की" म्हणून ओरडत होतं.

"हळबे बोलतोय."

"बोला."

कशा आहात, पाय कसा आहे, विचारायचं म्हणून त्यांनी फोन केला होता. ते त्यांनी विचारलं नाही.

"शैलाताई, मला इथे करमत नाही. डोळे पुन्हा जायला लागलेत आणि मला भीती वाटते. तुम्ही जायला नको होतं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

पलीकडे बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फोनही ठेवला नाही. मुलं जेवत होती, भांडी वाजत होती. हळबे फोन कानाशी धरून ऐकत राहिले.